खुर्चीवरचा माणूस आणि खुर्चीमागचा माणूस

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत न्हाव्याच्या दुकानाला मानाचे स्थान आहे. ज्या सेवेचा व्यापार देशादेशांत होऊ शकत नाही, तिचे उदाहरण द्यावयाचे झाले की जगभरचे प्राध्यापक केस कापण्याचेच उदाहरण देतात. गहू जहाजात भरता येतो, कापड आगगाडीने पाठवता येते. पण केस मात्र जेथे डोके असेल तेथेच कापावे लागतात. म्हणून केस कापण्याचा दर गावागणिक वेगळा, देशागणिक वेगळा, आणि श्रीमंत प्रदेशात तो अधिक. १९६४ साली बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे या घटनेची मीमांसा केली. १९८४ साली जगदीश भगवती यांनी गरीब देशांत सेवा स्वस्त का असतात, या प्रश्नाची आणखी एक बाजू मांडली. त्यापूर्वी, १९६६ मध्ये, विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी संगीत-नाटकादी कलांच्या संदर्भात एक महत्त्वाचा विचार मांडला होता. तो न्हाव्याच्या धंद्यालाही तंतोतंत लागू पडतो. आजोबा जितक्या वेळात एक डोके करीत, साधारण तितकाच वेळ नातवालाही लागतो. तरीही दर वाढतो, कारण इतर धंद्यांतील मजुरी वाढली की न्हाव्यालाही ती द्यावी लागते. न दिल्यास तो कातर खाली ठेवून दुसरीकडे जाईल.

हा सिद्धान्त तर्कशुद्ध आहे. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे. न्हाव्याला जाण्यासाठी दुसरीकडे कोठेतरी बरी जागा मोकळी आहे, हे ते गृहीत होय. ही जागा नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी कोठे दूर जावयास नको. नायगाव ते विरार ही चार स्थानके पुरेशी आहेत.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. केळीच्या बागा, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध असलेला हा प्रदेश दोन पिढ्यांत मुंबईच्या चाकरमान्यांचे रात्री झोपण्याचे ठिकाण झाला. पहाटेच्या गाडीने निघून रात्री परतणारा माणूस आठवड्याचे सहा दिवस आपल्या घराजवळचे दुकान उघडे पाहत नाही. केस कापण्याची त्याची वेळ म्हणजे रविवारची सकाळ.

अशा एखाद्या कारकुनाने वर्षभर दर महिन्याला निराळ्या दुकानात जावयाचे ठरविले, तर त्याला या शहराची सगळी आर्थिक उतरंड खुर्चीवर बसल्या बसल्या दिसेल. रस्त्याच्या कडेला भिंतीवर खिळा ठोकून टांगलेला आरसा आणि एक लाकडी खुर्ची, एवढ्यावर कोणी संसार चालवतो. वसई गावातल्या जुन्या दुकानात बाप आणि मुलगा शेजारी शेजारी उभे असतात, आणि गिऱ्हाइकाला काही सांगावे लागत नाही. त्याच्या वडिलांच्या केसांची ठेवणही तेथे ठाऊक असते. नालासोपारा पूर्वेच्या गल्लीत दहा फुटी गाळ्यात तीन खुर्च्या, तीन कारागीर आणि बाकावर ताटकळणारी सात-आठ माणसे असतात. वसई पूर्वेच्या नव्या वसाहतींत काचेचा दरवाजा, गार हवा आणि तिप्पट-चौपट दर असतो. कातर मात्र सर्वत्र तीच. तुरटीचा खडाही बहुतेक ठिकाणी तोच. केस कापण्यास लागणारा वेळही जवळजवळ तोच. मग वाढलेला दर कोणाच्या पदरात पडतो, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे, कारण या धंद्याचा इतिहास महाराष्ट्रातील श्रमाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे दर्शन घडते, त्यात न्हावी हा गावाचा हक्काचा चाकर आहे. वर्षभर हजामती करावयाच्या, लग्नकार्यात राबावयाचे, मशाल धरावयाची, पाहुण्यांचे अंग रगडावयाचे; आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपला वाटा मागावयाचा. उत्तर कोकणातील विखुरलेल्या वाड्यांत ही व्यवस्था देशावरच्याइतकी घट्ट नव्हती. पण काखेत धोकटी मारून दारोदार जाणारा न्हावी येथेही होताच. त्याला उपासमारीपासून थोडे संरक्षण होते, हे खरे. त्या संरक्षणाची किंमत मात्र प्रतिष्ठेने मोजावी लागे. कोणाचे डोके करावयाचे आणि कोणाचे नाही, हे तो ठरवीत नसे; ते गाव ठरवी. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या केसाला कातर लावली, तर उरलेले गाव न्हाव्यावरच बहिष्कार घाली. म्हणजे जातिव्यवस्थेचे हत्यार त्याच्या हातात होते, पण त्या हत्याराची मूठ दुसऱ्याच्या हातात होती.

ही मूठ सोडविण्याचा एक सामुदायिक प्रयत्न १८९० साली मुंबईत झाला. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि गिरणी कामगारांचे आद्य संघटक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने शेकडो नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. या घटनेचे वर्णन समाजसुधारणेच्या इतिहासात नेहमी येते. परंतु तिच्याकडे कामगार चळवळीच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. आपल्या श्रमाचा उपयोग कशासाठी व्हावा आणि कशासाठी होऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार श्रमिकाचा आहे, अशी ती घोषणा होती. त्याच वर्षी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तोही लोखंड्यांच्याच लढ्याचा विजय होता.

या दोन घटना एका वर्षातल्या आणि एकाच माणसाच्या नेतृत्वाखालच्या आहेत. त्यांतून एक विसंगती मात्र जन्माला आली. गिरणी कामगाराला रविवार मिळाला; त्या रविवारी तो केस कापावयास गेला; आणि त्याची सुट्टी हाच न्हाव्याचा सर्वांत कष्टाचा दिवस ठरला. आजही विरार लोकलने सहा दिवस दमलेला माणूस रविवारी ज्याच्या खुर्चीत डोळे मिटून विसावतो, तो त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सोमवारी दुकाने बंद ठेवण्याची प्रथा पडली, ती यामुळेच.

पुढचे पाऊल संविधानाचे. बलुत्याची जागा दुकानाने घेतली तेव्हा प्रश्न उभा राहिला तो दुकानात कोणाला प्रवेश, हा. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये या कलमाची चर्चा झाली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की ‘दुकान’ हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्यापुरता नाही. मोबदला मान्य असेल तर तेथील सेवा मागण्याचा हक्कही त्यात अंतर्भूत आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात हे तत्त्व आले. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येतच धोब्याच्या दुकानाबरोबर केशकर्तनालयाचा नावानिशी उल्लेख केला. हाच कायदा पुढे १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. देशाच्या कायद्यात केशकर्तनालयाचे नाव मुद्दाम लिहावे लागले, यावरून त्या खुर्चीचे सामाजिक महत्त्व ध्यानात येईल.

विरारच्या गल्लीतील दुकानात आज बाकावर बसलेल्या माणसांना कोणी जात विचारत नाही. ज्याचा नंबर त्याची खुर्ची. एकाच्या मानेभोवतीचे कापड झटकून दुसऱ्याच्या मानेभोवती बांधले जाते. देशातील खेड्यांतून नकाराच्या बातम्या अद्याप अधूनमधून येतात, म्हणून हा विजय पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. पण शहरी सलूनची खुर्ची ही भारतीय लोकशाहीच्या थोड्या यशस्वी जागांपैकी एक आहे, हे मान्य केले पाहिजे.

ही समता खुर्चीवर बसणाऱ्याची आहे. खुर्चीमागे उभा असणाऱ्याचे काय?

या धंद्यात कारागिराला पगार देण्यापेक्षा वाट्याने काम देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. गाळा, खुर्ची, वीज, टॉवेल, साबण मालकाचे, हात कारागिराचे, आणि दिवसअखेर गल्ला मोजून बहुधा अर्धा अर्धा वाटा. वरवर पाहता ही भागीदारी वाटते. परंतु शेतीच्या प्रश्नाशी परिचित असलेल्या कार्यकर्त्याला ती लगेच ओळखू येईल. ही अर्धेली आहे. पाऊस पडला नाही तर नुकसान कुळाचे, तसे गिऱ्हाईक आले नाही तर दिवस बुडाला तो कारागिराचा. आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, उपदान नाही. दिवसभर उभे राहून पायांच्या शिरा फुगल्या, खांदे धरले, की त्याची जागा घेण्यास दुसरा तरुण दाराशी असतो. शेतातील कुळासाठी या राज्याने १९४८ चा कायदा केला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्याचे तत्त्व स्वीकारले. खुर्चीमागच्या अर्धेलकऱ्याचा विचार मात्र कोणी केला नाही.

येथे छोट्या मालकाला खलनायक ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. तीन खुर्च्यांच्या दुकानाचा मालक बहुधा स्वतः एका खुर्चीमागे उभा असतो. त्याच्या वाट्याला आलेल्या अर्ध्यातून गाळ्याचे भाडे, अनामत रकमेचे व्याज आणि विजेचे बिल जाते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी डेव्हिड रिकार्डो यांनी जमिनीच्या खंडाबद्दल जे सांगितले, ते या गाळ्यांना लागू पडते. मोक्याच्या जागेवर धंद्याची मिळकत वाढली की ती वाढ कष्ट करणाऱ्याजवळ राहत नाही. जागेचा मालक ती भाड्याच्या रूपाने काढून घेतो. स्थानकासमोर गर्दी वाढली, दर वाढला, की पुढच्या करारात भाडे वाढते. आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. बॉमोल यांच्या सिद्धान्तानुसार वाढलेला दर कारागिराच्या मजुरीत दिसावयास हवा होता. परंतु ज्याला जाण्यासाठी दुसरी बरी जागा नाही, त्याची मजुरी वाढत नाही. वाढ जाते ती गाळ्याच्या मालकाकडे. कातर चालते कारागिराची आणि पीक येते जमिनीला.

कायद्याने या माणसाला आधार द्यावयास हवा होता. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याची चौकट निदान लहान दुकानालाही साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे तास यांच्या कक्षेत आणीत होती; अंमलबजावणी ढिली होती ही गोष्ट वेगळी. त्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. त्या कायद्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या ठेवण्यात आल्या. त्याहून लहान दुकानाने केवळ सूचना द्यावी, एवढेच अपेक्षित होते. व्यवसाय सुलभतेच्या नावाखाली हा बदल झाला. दोन-तीन खुर्च्यांच्या दुकानातला कारागीर एका फटक्यात संरक्षणाबाहेर गेला, आणि त्यासाठी विधिमंडळाबाहेर एकही मोठा मोर्चा निघाला नाही, ही गोष्ट डाव्या आणि समाजवादी पक्षांनी विचार करण्यासारखी आहे.

या असुरक्षिततेचे खरे रूप २०२० मध्ये उघडे पडले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली. स्पर्शावाचून चालूच शकत नाही असा हा धंदा. त्यामुळे तो सर्वांत आधी बंद झाला आणि फार उशिरा उघडला. २८ जून २०२० पासून केस कापण्यास परवानगी मिळाली, तीही दाढी वगळून. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा टाळे लागले. नालासोपाऱ्यात राहून मुंबईच्या दुकानात उभा राहणारा कारागीर आणखी अडचणीत होता, कारण सर्वसामान्य प्रवाशांसाठी लोकल १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंदच होती. गाळ्याचे भाडे मात्र कोणत्याही टाळेबंदीत थांबले नाही. मे महिन्यात वसई रोडहून उत्तरेकडे श्रमिक गाड्या सुटू लागल्या. २१ मे रोजी गोरखपूरसाठी निघालेली गाडी वळविली गेली आणि प्रवाशांनी डोळे उघडले तेव्हा ते ओडिशातील राउरकेला येथे होते. गाड्यांची गर्दी टाळण्यासाठी मार्ग बदलला, असा खुलासा रेल्वेने केला. बांधकामावरचे मजूर आणि कारखान्यांतले कामगार यांच्याबरोबर कातर धरणारे हातही अशाच गाड्यांनी परत गेले. अर्थशास्त्र सांगते की केस कापण्याची सेवा प्रवास करू शकत नाही. जे सांगावयाचे राहून जाते ते असे की, सेवा प्रवास करीत नाही म्हणूनच माणसाला प्रवास करावा लागतो.

याच ठिकाणी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. वसई-विरारच्या अनेक दुकानांत उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले तरुण काम करतात; त्यांत हिंदू नाई आहेत, तसे मुसलमान सलमानीही आहेत. परप्रांतीयांनी स्थानिक नाभिकांचा धंदा बुडविला, अशी तक्रार ऐकू येते. तक्रारीमागचे दुःख खोटे नाही. पिढीजात दुकान चालवणाऱ्या मराठी माणसाला भाडे परवडत नाही आणि शेजारी कोणी कमी वाट्यावर काम करावयास तयार होतो, तेव्हा त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण रागाची दिशा चुकली की लाभ तिसऱ्याचाच होतो. स्थानिक कारागीर आणि आलेला कारागीर एकमेकांचे दर पाडीत राहिले, तर गाळ्याच्या मालकाला काहीच करावे लागत नाही. किमान वाटा दोघांनाही सारखा बांधून दिला, तर स्वस्त मजुरीचे आमिषच संपते. स्थानिकाच्या रक्षणाचा हाच खरा मार्ग आहे. गावाकडे पिटाळून लावण्याचा मार्ग द्वेषाचा आहे आणि तो निष्फळही आहे.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम सुरू झाले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत न्हाव्याचा व्यवसाय आहे. त्यात पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्जाची तरतूद करण्यात आली. परंतु नोंदणी म्हणजे सुरक्षा नव्हे, आणि कर्ज म्हणजे मजुरी नव्हे. खुर्चीमागच्या माणसाची अडचण कातरीची नाही. जागेची आणि वाट्याची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरील वस्तू-सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, याचा गाजावाजा पुष्कळ झाला. ज्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्या छोट्या दुकानांना तो कर मुळात लागूच नव्हता. काचेच्या दरवाजाआडचे दर थोडे खाली येतील. भिंतीवर आरसा टांगणाऱ्याला त्यात काही नाही.

मग करावयाचे काय? चार गोष्टी सुचविता येतात.

पहिली, दुकान कितीही लहान असो, साप्ताहिक सुट्टी आणि कामाच्या तासांची मर्यादा कायद्याने पुन्हा लागू झाली पाहिजे. दुसरी, वाट्याचा करार लेखी असावा आणि गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही कारागिराला किमान मजुरी मिळावी. तिसरी, महानगरपालिकेने आपल्या मंडयांत आणि व्यापारी संकुलांत काही गाळे कारागिरांच्या सहकारी संस्थांसाठी माफक भाड्याने राखून ठेवावेत. खुर्चीमागचे चार जण एकत्र येऊन दुकान चालवू लागले, तर अर्धेली आपोआप संपेल. चौथी, माथाडी कामगारांसाठी १९६९ साली या राज्याने जो कायदा केला, त्या धर्तीवर केशकर्तन कारागिरांचे मंडळ व्हावे. पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न कोणी विचारील आणि तो योग्य आहे. माथाडी मंडळाला मालकाकडून लेव्ही मिळते. येथे छोट्या मालकाचीच तेवढी ऐपत नाही. वस्तू-सेवा कर आल्यापासून सौंदर्यप्रसाधनांवर राज्याने निराळा उपकर बसविणेही सोपे राहिलेले नाही. म्हणून भाड्याने दिलेल्या व्यापारी गाळ्यांच्या मालमत्ता कराचा एक लहानसा हिस्सा या मंडळाकडे वळवावा. ज्या जागेने श्रमाचे फळ ओढून घेतले, तिनेच श्रमिकाच्या म्हातारपणाची तरतूद करावी, यात अन्याय कोणता?

हे काम या चळवळीला परके नाही. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले भाई विठ्ठलराव कोतवाल वकील झाले, शेतकऱ्यांसाठी झटले आणि बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. बिहारच्या नाई कुटुंबातून आलेले समाजवादी नेते कर्पूरी ठाकूर दोनदा मुख्यमंत्री झाले आणि १९७८ साली त्यांनी मागासवर्गीयांसाठी राखीव जागांचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. पुतळे आणि पदव्या जरूर असाव्यात. परंतु ज्या समाजाने असे नेते दिले, त्या समाजाचा धंदा करणाऱ्या तरुणाला आठवड्याची एक सुट्टी मिळते की नाही, हे पाहण्यास कोणाला सवड नसेल, तर त्या सन्मानाचा अर्थ अपुरा राहतो.

संघटनेचा आरंभ मोठ्या परिषदेने होत नाही. वसई तालुक्यातील प्रत्येक कार्यकर्ता महिन्यातून एकदा कोणत्या ना कोणत्या खुर्चीवर बसतोच. पुढच्या खेपेस त्याने एकाच दुकानाची सवय थोडी मोडावी. एकदा स्थानकासमोर, एकदा गल्लीत, एकदा रस्त्याकडेच्या आरशापुढे बसावे. दर सर्वांनाच ठाऊक असतो. त्याने वाटा विचारावा, सुट्टी विचारावी आणि गाळ्याचे भाडे विचारावे. बारा महिन्यांत तालुक्याच्या शाखेकडे या धंद्याची अशी माहिती जमेल, जी आज कोणत्याही सरकारी कचेरीत मिळत नाही. त्या माहितीवरून मागण्यांचे पत्रक लिहावे आणि सभा सोमवारी ठेवावी. रविवारी ठेवली, तर ज्याच्यासाठी ती भरवावयाची तोच येऊ शकणार नाही.